वापर हक्क

३ नोव्हेंबर
देश तेलधंद्यात हजारो कोटी घालणार. बातमी टीव्हीवर, छाती फुगली आमच्या श्रीपालरावांची! जशी काही तेलाची विहीर ह्यांनीच खणली. नवी पाइपलाइन कोडोलीवरून जाणार — आमच्या शेतातून. खरं तर माझ्या. वीस गुंठ्यांचा तो तुकडा बाबांनी माझ्या नावावर केलेला.

६ नोव्हेंबर
मोजणीवाले आले. "पावणं, च्या घ्या की!" करत ह्यांनी चारदा चहा पाजला. करायला मी होतेच.
जाताना नोटीस दिली. मथळा — ‘वापर हक्क’. हे नाचायचेच बाकी. "बघ की! जमीन आपलीच राहत्या, वर वापरायचा हक्क बी मिळतोय!"
माझ्या बापाची जमीन वापरायचा हक्क मला दिल्लीहून! धन्य झाले.

७ नोव्हेंबर
मागचं पान ह्यांनी वाचलंच नव्हतं. मी वाचलं. हक्क कंपनीचा. पाइपलाइनच्या पट्ट्यात घर नको, विहीर नको, झाड नको.
म्हणजे तिथं बांधायच्या माझ्या दोन खोल्या गेल्या. तीस वर्षं जावांच्यात काढली ती त्याच आशेवर. लेकीनं, आदितीनं, नकाशासुद्धा काढलाय — ओट्यासमोर खिडकी. जेवण गेलं नाही. खूप रडले.
हे म्हणाले, "देशासाठी एवढं बी न्हाय व्हय?" देशाला नेमकी माझीच स्वयंपाकखोली लागते!

८ नोव्हेंबर
ग्रामपंचायतीत ह्यांचा सत्कार. ‘विकासाला हातभार’ म्हणे. शाल, नारळ, टाळ्या. नारळ चटणीला फोडला.

१० नोव्हेंबर
नोटीस काढणाऱ्या कचेरीतला कारकून बुद्धभूषण रस्त्यात भेटला. भला माणूस. म्हणाला, "वैनी, एकवीस दिवसांत हरकत घ्या. लाइन बांधाकडनं सरकत्या. दोघांची सरकली की!"
जीव भांड्यात पडला. अर्ज लिहायला बसले. ह्यांना सांगितलं — गप्प! ह्यांना गप्प बसता येतं, हे लग्नानंतर आज कळलं.

१२ नोव्हेंबर
कचेरीत गेले. बुद्धभूषणनं फाइल उघडली. "वैनी, तुमची संमती तर सात तारखेलाच आलीया. ही बघा सही."
विजयमाला श्रीपाल चौगुले. अक्षर माझ्यापेक्षा वळणदार. ही सही मी केलेली नाही.
अर्ज तिथंच फाडून दुसरा लिहिला. ‘तक्रार कोणाविरुद्ध’ — तिथं नवऱ्याचं नाव घातलं.