लाखेनं बुजवलेलं माप

एकोडी, ४ मे २००३

चि. जीवन यास आजीचे अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या बहिणीच्या, तृप्तीच्या लग्नाची भांडी घ्यायला परवा भंडाऱ्याला जाते आहे. जुनी पितळ मोडीत देईन. तुझ्या पणजोबांचं धान मोजायचं उंच मापही त्यात घातलंय; बुडाच्या भोकातली लाख सुटायला लागली आहे. लढाईच्या जहाजावरून आणलं म्हणायचे माझे सासरे, मामाजी! कोळसा ओतायला होते म्हणे, अन् जहाजाला पोलादाच्या भिंती! आम्ही पोट धरून हसायचो. तू वेळेवर जेवत जा. माया असू दे.

तुझी आजी धुरपता

विशाखापट्टणम, १२ मे २००३

ती. आजीस सप्रेम जयभीम. वि. वि.

माप देऊ नकोस! आमच्या गोदीत साहेबांनी शंभर वर्षांपूर्वीच्या चिलखती क्रूझरचं छायाचित्र लावलंय. चार धुराडी, कडेला सहा इंच जाड पोलाद. पहिल्या महायुद्धात असली जहाजं महिनोन्महिने शत्रूच्या मागावर असायची. तळाशी कोळसा ओतणारी माणसं; जहाज बुडालं तर त्यांना वर यायला वेळच नसे. शेजारी तोफेचं रिकामं पितळी काडतूस ठेवलंय. बुडाला मधोमध भोक. हुबेहूब आपलं माप! आजी, ऐंशी वर्षं आपण त्यात बियाणं मोजलं!

पणजोबा खरंच बोलत होते. जहाजाचं नाव कळलं तर त्यांची नोंद शोधता येईल. कधी सांगितलं होतं का? उत्तराची वाट पाहतो, लोभ असावा.

तुझा जीवन

एकोडी, २४ मे २००३

चि. जीवन यास अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा माप देऊन झालं होतं. तशीच एसटीनं भंडाऱ्याला गेले. मोडीचा ढीग छातीएवढा. दुकानदार म्हणाला, बाई, कायले शोधून राहिल्या, उद्या तं हे भट्टीत जाते. मी एकेका भांड्याच्या बुडाला बोट लावत गेले. लाख हाताला लागली, तसं मी ते ढिगातून ओढून काढलं. मामाजींनी स्वतः बसवलेली लाख रे ती. बदल्यात माझ्या लग्नातलं पितळी पातेलं, तो मोठा गंज, देऊन आले.

तृप्तीनं चिंचेनं घासलं. असल्या जहाजाच्या पोटातून जिवंत आलेला माणूस आमच्या ओसरीवर सुपारी कातरत बसायचा!

नाव विचारलंस. मी नवी सून असताना एका दुपारी मामाजींनी ते मांडीवर घेतलं अन् म्हणाले, सूनबाई, त्या जहाजाचं नाव सांगतो तुले. मी तोंडाला पदर लावून हसले. त्यांनी माप उचलून धान साठवायच्या ढोलीत ठेवलं. पुढे अठरा वर्षं जगले, पण जहाजाचा विषय काढला नाही.

या म्हातारीवरची माया कमी करू नकोस.

तुझी आजी धुरपता