सिक्स्तोचा वर्षदिन

लुनहाव, पानाय बेट
३ फेब्रुवारी १९९१

चि. धाकटी बहीण इंदाय कोन्साला हीस,
अनेक आशीर्वाद.

आपल्या भावाला, सिक्स्तोला, मातीत ठेवलं त्या सकाळी मी काय केलं, असं तू विचारलंस. हाँगकाँगच्या मालकिणीने तुला रजा दिली नाही, तेव्हा सांगायला हवंच. मी खुराड्यातून कोंबडीचं एक पिल्लू काढलं आणि शवपेटीवर ठेवलं. माणूस मारला गेला की आपल्याकडे ठेवतात तसंच. ते टोचत राहतं मारणाऱ्याच्या काळजाला. नगराध्यक्ष तेओफिलो आले, पेटीवरच्या झेंड्याकडे बघून म्हणाले, पोलिसाचा मान आहे, इथे कोंबड्या कसल्या? उचला. एका शिपायाने मान खाली घालून पिल्लू उचललं. नाक्यावर सिक्स्तोने थांबायला हात दाखवला, तरी त्याच्या अंगावर आला तो चोरट्या लाकडांचा ट्रक कुणाचा होता, हे त्या शिपायालाही ठाऊक होतं. ब्रेक लागले नाहीत, एवढ्यावर प्रकरण मिटलं.

आता वर्ष भरतंय. नेनिता नवऱ्यासाठी घातलेले काळे कपडे उतरवील. त्याच दिवशी नगराध्यक्ष नाक्यावर सिक्स्तोच्या नावाची बसथांब्याची शेड उघडणार आहेत. त्यांचं स्वतःचं नाव त्यावर जास्त मोठं रंगवलंय. प्रार्थना नेहमीप्रमाणे मी सांगायची, आणि शेवटी त्यांचे आभार मानायचे, असा निरोप आलाय. नाही म्हटलं तर नेनिताची नगरपालिकेतली नोकरी जाईल. काय करू, लिही. थंडीत अंगावर नीट घेत जा.

तुझा मनोंग
पोलिकार्पो


हाँगकाँग
१५ फेब्रुवारी १९९१

ती. थोरले बंधू मनोंग यांस,
सा. न. वि. वि.

गावात कुणाचा रेडा आजारी पडला तरी तुम्ही लगेच गुडघे टेकता, आणि सख्ख्या भावासाठी माझी परवानगी मागता? मानाच आभार. म्हणा, ट्रक चांगला वजनदार पाठवलात, आमच्या भावाला फार वेळ तळमळावं लागलं नाही.

इथे बसून असं लिहिणं सोपं आहे, कळतं मला. पण नेनिताची नोकरी गेली तर तीही माझ्यासारखी परक्यांच्या फरशा पुसायला निघेल, लेकीला मागे ठेवून. ते काय असतं ते मी कुणाला सांगत नाही. तेव्हा मला विचारू नका, तिला विचारा. काळे कपडे वर्षभर तिने घातलेत.

माया असू द्या.

तुमची
कोन्साला


लुनहाव
४ मार्च १९९१

चि. इंदाय,
अनेक आशीर्वाद.

आधी वाईट बातमी. नेनिताला कामावरून काढलं. ती लेकीला घेऊन माझ्याकडे राहायला आलीय. भातलावणी तिला जमत नाही, सगळ्या रोपांच्या माना वाकड्या. पण शिकेन म्हणते. हाँगकाँगचं नावही काढत नाही.

तू लिहिलंस तसं तिला आधी विचारलं होतं. ती इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, मनोंग, म्हणायचंच असेल तर मोठ्याने म्हणा, तुमचा आवाज मागे पोचत नाही.

शेडपाशी सगळा गाव होता, पोलीस रांगेत उभे होते. मी एकेक विनंती सांगत गेलो, मृतांसाठी, आजाऱ्यांसाठी, समुद्रावर गेलेल्यांसाठी, आणि दर खेपेला लोक म्हणत गेले, प्रभू, आमची विनंती ऐक. सूर लागला होता. आता आभारांची वेळ, म्हणून नगराध्यक्षांनी सदरा नीट केला. मी तोच सूर धरून म्हणालो, नगराध्यक्ष तेओफिलो यांच्यासाठी, ज्यांच्या ट्रकने माझ्या भावाला चिरडलं. आपला गुन्हा कबूल करण्याची बुद्धी त्यांना मिळावी. कुणाला कळायच्या आत सवयीने सगळ्यांच्या तोंडून निघून गेलं, प्रभू, आमची विनंती ऐक. पोलिसांच्याही. नगराध्यक्षांचेही ओठ हलले, मी पाहिलं.

मग फक्त एक मूल रडत होतं. नाव घेतलं, इंदाय. भर रस्त्यात, मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं.

तुझी माया आम्हा सगळ्यांवर राहू दे.

तुझा मनोंग
पोलिकार्पो