वलंदेज

सर, नातवासाठी सहाणेवर जायफळ उगाळत होते आणि तुमची आठवण आली. तुम्हाला हे जग सोडूनही आता वीस वर्षं झाली. सौदीला जोडणारा समुद्रावरचा कॉजवे व्हायच्या आधीचे दिवस ते, बहारीनमधली, मनामातली आपली शाळा, मी नववीत. तुम्ही वेंगुर्ल्याचे. इतिहास इंग्रजीतून शिकवायचात, पण डचांना कायम ‘वलंदेज’ म्हणायचात, कारण तुमच्या घराजवळ त्यांची पडकी वखार होती. एकदा तुम्ही मला मराठीत काही विचारलंत आणि मी सवयीने इंग्रजीत उत्तर दिलं. “मराठीत विचारलंय ना गो, मराठीतच बोल. तोंड झिजत नाही,” तुम्ही सगळ्यांसमोर खेकसलात. मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी गावच्या झाडाचं जायफळ माझ्या हातावर ठेवलंत, जायपत्रीसकट. म्हणालात, “ह्याच्यापायी बेटंच्या बेटं ओस पाडली वलंदेजांनी.”

स्नेहसंमेलनात मसाल्याच्या जहाजांवर माझं भाषण ठेवलंत आणि नेमके पाहुणे आले ते बंदरावरच्या डच कंपनीचे साहेब, शाळेला प्रयोगशाळा देणारे. हेडबाईंनी भाषणातलं त्या बेटांवरच्या कत्तलीचं वाक्य खोडलं. मी दाराबाहेर उभी होते, त्यांचा आवाज मला ऐकू आला, “सर, तुमच्या व्हिसा रिन्यूअलचे पेपर्स माझ्याच टेबलावर आहेत.” तुम्ही बाहेर आलात, मला जिन्याखाली नेलंत. “ते एक वाक्य मराठीत म्हण. वलंदेज म्हटलंस की साहेबाला ओ की ठो कळायचं नाही, केरळच्या हेडबाईंनाही नाही. आपल्या लोकांना कळेल, तेवढं पुरे.”

मी स्टेजवर उभी आहे, मुठीत तुमचं जायफळ. पहिल्या रांगेत साहेब कौतुकाने हसतोय, कडेच्या दाराशी तुम्ही. गलबतं, मिरी, लवंगा, सगळं इंग्रजीत बोलून झालंय. मी म्हणते, “जायफळासाठी डचांनी माणसं कापली.” ‘डच’ ऐकताच साहेबाचं हसू मावळतं. तो शेजारच्याला विचारतो, शेजारचा कानात सांगतो. मी दाराकडे बघते तर तुम्ही डोळे मिटून घेतलेत.

महिन्याभरात तुमची बॅग भरली गेली. बाबा माफी मागायला आले तर तुम्ही त्यांचीच समजूत काढलीत, “इंग्रजी शाळेतली पोर, जीभ घसरली. खलास, सोडून द्या.” पुढे गावी शिकवण्या घेत होतात असं कळलं. तेव्हा पत्र लिहायचा धीर झाला नाही, आणि आता हे पाठवू कुठे?

सर, जीभ घसरली नव्हती. वलंदेज हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण साहेब इतका छान हसत होता, त्याला कळायलाच हवं असं मला वाटलं. आणि दाराबाहेर ऐकलेलं व्हिसाचं बोलणंही मला तेव्हा आठवत होतं.