हंडा आणि अर्थिंग

बाबा, आईचा तांब्याचा हंडा सापडला. कोपरचं आपलं बैठं घर पाडून तिथे इमारत होतेय. परवा मागच्या अंगणातला तुमचा अर्थिंगचा खड्डा खणला, तर कोळसा आणि मिठाच्या थराखालून हा निघाला. ठोकून चपटा केलेला, वायर घट्ट आवळलेली. काठावर आजोबांनी लग्नात कोरून दिलेलं आईचं नाव अजून वाचता येतं. "ताई, तांबं आहे. भारी अर्थिंग केलेलं हां कुणीतरी," खणणारा म्हणाला. कुणी केलेलं ते मला लगेच कळलं. का केलं, ते मात्र काही केल्या कळत नाही.

मी आठवीत होते. पाण्याच्या मोटारीला हात लावला आणि शॉक बसून भिंतीवर फेकली गेले. त्या संध्याकाळी तुम्ही कारखान्यातून आलात ते सेल, छोटा दिवा आणि दोन वायरी घेऊनच. मला स्वयंपाकघरात बसवलंत. चमचा धर, तांब्याची पळी धर, ॲल्युमिनियमचं झाकण धर. दिवा प्रत्येक वेळी लागतोय, आणि मी म्हणतेय, सगळं सारखंच तर आहे. तुम्ही चिडलात. "दिवा लागला म्हणजे कळलं असं नाही. वीज वाहून न्यायला चांदी सगळ्यात पुढे, मग तांबं, मग सोनं, मग ॲल्युमिनियम. लोखंड पार मागे, आणि हा स्टीलचा चमचा त्याच्याही मागे." मग मोटारीचा शॉक जमिनीत उतरवायला, अर्थिंगला, तांबंच लागणार ना, मी विचारलं. "आपल्याकडे नाही. खाडीकाठची जमीन, खारी आणि ओली. लोखंडाचा पत्रा पुरला तरी भागतं." हे तुमचेच शब्द, बाबा. मग पत्रा का नाही पुरलात? मी पडले ते पाहून वायरमनचं सगळं शिक्षण विसरलात का? की पत्रा आणायलाही थांबवेना, आणि माळ्यावर हंडा दिसला?

चार दिवसांनी आई माहेरहून परतली, तेव्हा खड्डा बुजलेला होता आणि हंडा जागेवर नव्हता. तिच्या पाठीमागे घर सांभाळायला कळव्याची आत्या आली होती. "वन्सं, हंडा तुम्हीच नेलात," आई तोंडावर म्हणाली. आत्या तुमच्याकडे बघत राहिली. तुम्ही मोरीत हात धूत होतात, ते धूतच राहिलात. त्यानंतर आत्याने आपल्या घरात पाऊल टाकलं नाही. तुम्ही गेलात तेव्हाही ती गल्लीतूनच हात जोडून परत गेली. मला तुमचा भयंकर राग येतो, आणि हे सगळं माझ्यासाठी केलंत म्हणून धड रागावताही येत नाही. आत्या अजून कळव्यातच आहे. तिला सांगायचं तर आधी आईला सांगावं लागेल, आणि आईला सांगायचं तर तुमचं काय उरेल?

हे कुठे पोचणार नाही, म्हणूनच पुढचंही लिहिते. हंडा गोणीत बांधून मी माझ्या पलंगाखाली सरकवलाय. काल आई पावटे सोलत होती. खाली मान घालूनच तिने विचारलं, "खड्ड्यात काय निघालं गं?"

"लोखंडाचा पत्रा," मी म्हणाले.

"असणारच. हे विचारल्याशिवाय घरातल्या कशाला हात नाही लावायचे."

मी हो म्हणाले.