जर्मनीचा आकडा

मोताळा,
ता. ३ जानेवारी १९२७

ती. सौ. मंजुळाअक्काचे चरणी बालके भगवंताचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सारे येथे खुशाल आहोत. भाऊजींचा खोकला उतरला का, ते कळव. कौशल्येने पाठवलेली बोरे पोचली असतील. यंदा ती आंबटच निघाली, त्यात तिचा दोष नाही.

आता बातमी. या महिन्याच्या बावीस तारखेस बुलढाण्यास दारूनिषेधाची मोठी सभा भरते आहे. एक निवृत्त न्यायाधीश, रावसाहेब, अध्यक्ष आहेत. आमच्या हेडमास्तरांनी माझे नाव सुचवले आणि ‘जगातील मद्यपान’ या विषयावर अर्धा तास बोलण्याचे निमंत्रण मला आले. कोणत्या देशातला माणूस वर्षाला किती पितो, हे आकड्यांनिशी सांगायचे. निमंत्रणात मला ‘आकडेवारीचे अभ्यासक’ म्हटले आहे. ते वाचून कौशल्येला हसू आवरेना. मी तिला म्हटले की, मोताळ्याच्या शाळामास्तरालाही कधीतरी कोणी अभ्यासक म्हणावे.

यासाठी तुझी ती वही लागेल. रहेमतुल्लाच्या दुकानातून साखर ज्या इंग्रजी वर्तमानपत्रात बांधून येते, ते तू पाच वर्षे निरखून पाहते आहेस, आणि भाऊजी मालगुदामातून आले की त्यांच्याकडून मजकूर वाचून घेऊन आकडे टिपते आहेस. गुदामात साहेबलोकांची बिअरची खोकी येतात, ती कोणकोणत्या मुलखातून येतात, एवढे विचारण्यावरून तुझा हा नाद सुरू झाला. आम्ही सारे तुला हसलो. आज तीच वही कामास येते आहे. सबंध नको, बिअरचे पान तेवढे नकलून पाठव.

वरचेवर पत्र येत जावे. धाकट्यावरची माया आहे तशीच ठेवावी.

तुझा,
भगवंत

—

नांदुरा,
ता. ९ जानेवारी १९२७

चि. भगवंतास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. बोरंही पोचली. तुझ्या भाऊजीचा खोकला आता कमी आहे, अडुळशाचा काढा देऊन राह्यली. मी बोलते तशीच लिहिते, मास्तरासारखं लिहिणं मले जमत नाही, सांभाळून घे.

‘आकडेवारीचे अभ्यासक’ हे मी दोनदा वाचलं. तुझ्या भाऊजीलेही वाचून दाखवलं. ते म्हणाले, मेव्हणा मोठा झाला. मी काढा गाळाले गेली.

आबांनी तुले खामगावच्या शाळेत घातलं त्याच महिन्यात मले चौथीतून काढलं. गणितात पहिली मी होती. मास्तर घरी सांगाले आले होते की पोरगी हुशार आहे, शिकू द्या. आबा म्हणाले, पोरीले एवढं पुरे. तू नवी टोपी घालून दारात उभा होतास. तुझा त्यात काही दोष नाही. मले आपली ती टोपी आठवते.

पान नकलून सोबत ठेवलं आहे. माणशी वर्षाचे गॅलन आहेत. जास्त पिणारा वर, कमी पिणारा खाली. जर्मनी सर्वांत पुढं आहे, एकसष्ट. हा आकडा जोरानं वाच, लोक तोंडात बोटं घालतील. अमेरिकेत कायद्यानं दारू बंद आहे, म्हणून तिथं नुसती रेघ मारली. तरी तिथले लोक चोरून पितात म्हणे, पण चोरून प्यालेल्याचा आकडा कोण देणार.

एक विचारते. हे आकडे कोणी काढले, म्हणून सभेत सांगशील? तेवढं कळव.

कौशल्येस आशीर्वाद. आठवण धरून लिहीत जा.

तुझी,
मंजुळाअक्का

—

मोताळा,
ता. २४ जानेवारी १९२७

सौ. वन्संस कौशल्येचा वाकून नमस्कार. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे, म्हणून उत्तरात माझे नाव काढू नये.

शनिवारी आम्ही बैलांच्या दमणीने बुलढाण्यास गेलो. बायकांना एका बाजूला चिकाच्या पडद्याआड बसवले होते. रावसाहेबांनी यांची ओळख फार थोर शब्दांत करून दिली. वऱ्हाडातल्या एका लहान गावात बसून जगाचे आकडे गोळा करणारा तरुण विद्वान, असे काहीसे ते म्हणाले. टाळ्या पडल्या. हे बोललेही छान. पण तुमचे नाव निघाले नाही. मी वाट पाहत होते.

मग यांनी जर्मनीचा आकडा सांगितला, एकसष्ट गॅलन. तेव्हा खामगावचे डॉक्टर वहाब उभे राहिले. ते तीन वर्षे जर्मनीत शिकून आलेले आहेत. ते फार अदबीने म्हणाले की, मास्तरसाहेब, लढाईनंतर तिथे धान्याचीच टंचाई होती, बिअर पुष्कळ कमी झाली. माझ्या माहितीत हा आकडा सोळाच्या आसपास आहे, आपण एकदा कागद पाहता का? यांनी कागद पाहिला. पुन्हा पाहिला.

हे म्हणाले की, हे आकडे माझ्या थोरल्या बहिणीने काढले आहेत; तिचा आकडा आजवर चुकलेला नाही, आणि तिच्या आकड्यासाठी मी डॉक्टरसाहेबांशीही वाद घालीन. लोक हसले. मागून कोणीतरी म्हणाले की मास्तर बहिणीच्या पदराआडून बोलून राह्यले. त्यानंतर कोणी ऐकेना. रावसाहेबांनी आटोपते घेतले.

वन्सं, रागावू नका, पण मला तुमचा हेवा वाटतो. लग्न झाल्यापासून ऐकते आहे, अक्का असती तर चटकन सांगितले असते, अक्काला असे विचारावे लागले नसते. परवा तुमच्या शब्दासाठी हे साऱ्या सभेशी भांडायला उभे राहिले. माझ्या शब्दासाठी असे कधी उभे राहतील का, हेच मनात येत होते. सभेत बसून असले काही मनात यावे, याची लाज वाटते.

चुकलेमाकले पोटात घालावे, आणि भावजयीस आपली म्हणत जावे.

आपली,
कौशल्या

—

नांदुरा,
ता. ३० जानेवारी १९२७

चि. भगवंतास आशीर्वाद. वि. वि.

सभेची हकिकत इथं स्टेशनावर पोचली. तिकीटबाबूनं तुझ्या भाऊजीले विचारलं की ती बिअर मोजणारी बाई तुमचीच काय. ते खाली मान घालून घरी आले.

मी तुले एक गोष्ट विचारली होती, आकडे कोणाचे म्हणून सांगशील. तू उत्तर दिलं नाहीस. टाळ्या पडल्या तोवर अभ्यासक तू होतास. आकडा अडला तेव्हा बहीण आठवली. माझं नाव घ्यायचंच होतं तर आधी काऊन घेतलं नाही?

सोळाचा एकसष्ट झाला असेल. नकलताना आकडे उलटे पडतात, माणसाची चूक होते. त्याच्यासाठी एवढ्या लोकांत माझं हसं कराले नको होतं.

आज जास्त लिहवत नाही. तब्येतीले जप.

मंजुळा

—

मोताळा,
ता. ५ फेब्रुवारी १९२७

ती. सौ. मंजुळाअक्काचे चरणी शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. पहिली गोष्ट तू खरी लिहिली आहेस. तुझे नाव आरंभीच घ्यायचे, असे मी कागदावर लिहून नेले होते. रावसाहेबांनी स्तुती केली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती ओळ मी गाळली. कोणी गाळायला लावली नाही. आपसूक गाळली.

दुसरी गोष्ट मात्र खरी नाही. घरी आल्यावर तू पाठवलेले पान मी पुन्हा काढले. नुसता आकडा उलटला असता तर जर्मनी बेल्जियम आणि इंग्लंडच्या खाली, तिसऱ्या ओळीत राहिला असता. तू ती ओळ उचलून सर्वांत वर घातलीस. बेल्जियम चव्वेचाळीस, इंग्लंड वीस, डेन्मार्क तेरा, हे बरोबर आहे. माणशी आकड्यांची बेरीज करून काही कळत नाही, पण बेरीज न मारता रकाना सोडणे तुला जमत नाही. पानाच्या तळाशी तू त्र्याण्णव लिहिले आहेस. एकसष्ट धरले तर एकशे अडतीस होतात. सोळा धरले तरच त्र्याण्णव. देश वर चढवलास, पण खोटी बेरीज तुला लिहवली नाही.

पुढच्या महिन्यात खामगावास बोलावले होते, ते रद्द झाल्याचे कार्ड आले. हेडमास्तर तोंडावर काही म्हणत नाहीत. परवा वर्गात गेलो तर फळ्यावर कोणीतरी मोठ्या अक्षरांत ६१ काढून ठेवले होते. मी ते पुसले आणि शिकवायला लागलो.

मला राग आहे, तो लपवत नाही. पण राग मोजताना माझ्याकडचेही धरले पाहिजे. आबा पाहुण्यांपुढे तुला तोंडी गणिते घालीत आणि तू ते बोलून संपण्याच्या आत उत्तर देत असस. मी पाटी मागे धरून भिंतीला टेकून उभा असे. मग ते पाहुण्यांना म्हणत, हा मुलगा आहे. एवढेच म्हणत. तुला शाळेतून काढले तेव्हा तू रडलीस. मला वाईट वाटले नाही, अक्का. मला आनंद झाला. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

एवढ्यात नांदुऱ्यास येणे होणार नाही. भाऊजींस नमस्कार. जी माया उरली असेल तेवढी तरी असावी.

भगवंत

—

नांदुरा,
ता. २५ फेब्रुवारी १९२७

चि. भगवंतास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू लिहिलंस ते खरं आहे. मी मुद्दाम केलं. जर्मनी वर घातला तेव्हा हात अडला नाही. बेरजेच्या वेळी मात्र अडला. वाटलं होतं, कोणाले तरी खटकेल, तुले थोडं खाली पाहावं लागेल, आणि मग तू घरी येऊन मले विचारशील. तू माझ्यासाठी सभेशी भांडशील, हे काही मनात आलं नव्हतं. ते ऐकलं तेव्हा मले जास्तच राग आला. आपण वाईट वागावं आणि समोरच्यानं चांगलं वागावं, हे फार सोसत नाही.

मले शाळेतून काढलं तेव्हा तुले आनंद झाला होता, हे मी दिवसभर पुन्हापुन्हा वाचत राह्यली. भाकरी करपल्या. मग संध्याकाळी वाटलं, आजवर मी समजत होती की या घरात जळणारी मी एकटीच.

बुलढाण्याच्या सभेची हकिकत ज्या साप्ताहिकात आली होती, त्याच्या संपादकाले मी पत्र लिहिलं. सभेत वाचलेला जर्मनीचा आकडा मी भावाले मुद्दाम खोटा दिला होता, खरा सोळा आहे, बाकीचे आकडे बरोबर आहेत, मास्तरांचा त्यात काही दोष नाही आणि डॉक्टर वहाब बोलले ते योग्य होतं, एवढंच लिहिलं. तुझे भाऊजी म्हणाले की नकलताना चूक झाली असं लिही, ‘मुद्दाम’ काऊन लिहितेस, आणि नाव तर अजिबात घालू नको, लोक काय म्हणतील. मी त्याइले म्हटलं की नाव नसलं तर पत्र कोण खरं मानील. ते दोन दिवस फुगून बसले. मग स्वतःच पोस्टात टाकून आले.

परवा ते छापून आलं. तिसऱ्या पानावर, खाली. एक अंक तुझ्या हेडमास्तरांच्या नावे पाठवला आहे, एक यासोबत आहे. फळ्यावर आकडे काढणाऱ्या पोट्ट्यांलेही दाखव. खामगाववाले पुन्हा बोलावतील की नाही ते माहीत नाही. बोलावलं तर सारी वही घेऊन जा. त्यात खोटं काही नाही, ते पान मी फक्त तुझ्यासाठी बिघडवलं होतं.

आणखी एक. कौशल्येपुढं माझ्या हुशारीच्या गोष्टी कमी करत जा. तिच्याही डोक्यात काही असेल, ते विचार.

आता जे लिहिते ते तुझ्याशिवाय कोणाले सांगता येणार नाही. अंक हाती आला तेव्हा तुझ्यावरचा डाग निघाला का, ते मी आधी पाहाले पाहिजे होतं. मी आधी माझं नाव शोधलं. सौ. मंजुळाबाई, नांदुरा. छापील. वर खोटेपणाची कबुली होती आणि खाली ते नाव होतं, तरी मी ते चार वेळा वाचलं. मले बरं वाटलं, भगवंता.

राग असेल तर राहू दे, पण पत्र टाकणं बंद करू नको.

तुझी,
मंजुळाअक्का