पेटीची दुसरी चावी

उमेळे, वसई
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

विनिताताई,

इथे सप्रेम नमस्कार लिहायचं असतं. दहावीला मराठीच्या पेपरात पत्र यायचं, त्यासाठी पाठ केलं होतं. पण सप्रेम सध्या माझ्याकडे नाहीये, म्हणून नुसता नमस्कार घे. घरी सगळे बरे असतील. पिंकीची यंदा दहावी ना? अभ्यास करते का, की अजून तुझ्यावरच ओरडते?

व्हॉट्सअ‍ॅपवर मी तुला ब्लॉक केलंय. ब्लॉक काढणार होते, मग आठवलं की हर्षवर्धन सर संध्याकाळी कोणाचाही फोन हातात घेतात आणि "दाखव, काय लपवतेस, आपण फॅमिली आहोत ना" म्हणत स्क्रोल करतात. म्हणून पत्र, आणि तेही तुझ्या विरारच्या पत्त्यावर. शिवाय पाकिटात एक वस्तू आहे. ती आत्ता बाहेर काढू नकोस. आधी वाच.

माझं विचारशील तर मी मजेत आहे. टोमणा नाही मारत, खरंच. अडीच महिन्यांत मी एकदाही उभ्याने जेवले नाहीये. एक वाजता मम्मी पानं घेते, आम्ही तिघं बसतो आणि मासा चांगला निघाला तर पाच मिनिटं फक्त त्या माशावर बोलतो. कोणी घड्याळ लावून मागे उभं नसतं. पहिल्या आठवड्यात मी सात मिनिटांत ताट संपवून हात धुवायला पळत होते. मम्मी म्हणाली, "अगं, बस, घर कुठे पळून चाललंय?"

पपा आता काठी घेऊन विहिरीपासून शेवटच्या केळीपर्यंत जातात. मी मागे, पडले तर धरायला. ते पडत नाहीत, पण मी घड किती आले ते चुकीचं मोजलं की थांबून माझ्याकडे असं बघतात की मलाच पडावंसं वाटतं. डाव्या हातासाठी फिजिओने रबरी बॉल दिलाय, तो त्यांना आवडत नाही. मग मम्मी रोज कणीक पुढे ठेवते आणि म्हणते, "घ्या, दाबा. पोळ्या तरी होतील." झोपडपट्टीतल्या कुत्र्याच्या कानासारख्या पोळ्या होतात. आम्ही खातो.

बोलणं मात्र गेलं ते सगळं परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले असं होतं. पपा बँकेत, चर्चमध्ये, तुमच्याशी जे पुस्तकी मराठी बोलायचे ते बहुतेक गेलं, इंग्लिश तर पूर्ण गेलं. राहिली ती फक्त आमची घरातली बोली. पहिला शब्द आला तो "पानी". आणि मला, कॉन्व्हेंटवाल्या मुलीला, ती बोली धड येत नाही. लहानपणी लाज वाटायची. आता वही घेऊन बसते. ते एक वस्तू दाखवतात, शब्द सांगतात, मी लिहिते, ते माझा उच्चार ऐकून हसतात. तोंडाच्या एकाच बाजूने हसतात, पण हसतात. सव्वीस वर्षांची झाल्यावर मला माझे वडील भेटले, असं म्हण.

बघ, किती छान लिहिलं. आता ज्याच्यासाठी बसले ते लिहिते.

सोमवारी वसुंधराचा फोन आला होता. एचआरमधून. इतका गोड आवाज की मी आधी राँग नंबर समजले. "फेलिशिया, तुझं रिलीव्हिंग लेटर तयार आहे गं. सरांची सहीसुद्धा झालीय." ऐक, ताई, अडीच महिने मी त्या एका कागदासाठी सतरा मेल केलेत. मला वसईतल्या एका शाळेत सायन्स लॅबमध्ये नोकरी मिळतेय, एक डिसेंबरपासून. वीस तारखेपर्यंत आधीच्या ऑफिसचं लेटर दिलं नाही तर ती दुसऱ्या कोणाला जाईल. मला ती किती हवीय ते तुला माहीत आहे. परदेशात पोरं पाठवायच्या त्या दुकानात मी पहिल्या दिवसापासून सगळ्यांना बेडकाच्या हृदयाबद्दल सांगत बसायचे.

वसुंधरा पुढे म्हणाली, "फक्त एक छोटा पॅराग्राफ लिहून दे. एकवीस ऑगस्टला विनिताने तुझ्या घरचा कॉल दाबून ठेवला, म्हणून तुझ्या वडिलांना उशीर झाला. बस."

"का?" मी विचारलं.

"सरांना हवंय. पिंकीच्या परीक्षेसाठी तिने फेब्रुवारीत पंधरा दिवस रजा मागितलीय. सर म्हणाले, हिला आता घरीच बसू दे."

म्हणजे तुला नोटीस न देता काढायचंय आणि सुरी माझ्या हातातून हवीय. त्यांना पपांचं काय पडलंय? हॉस्पिटलच्या सात दिवसांत त्यांचा एक मेसेज आला होता, "गेट वेल सून टू डॅड, आयर्लंडच्या दोन फाइल्स कोणाला देऊ?"

पण ताई, खोटं कशाला बोलू. मी लिहिलं. दहा मिनिटांत लिहिलं आणि लिहिताना मजा आली. कारण माझा राग खोटा नव्हता. लँडलाइनवर तू कॉल घेतलास. मम्मीने तुला सांगितलं, "फेलिशियाच्या पपांना बरं नाही, तिला द्या जरा." तू म्हणालीस, "मीटिंगमध्ये आहे, निरोप देते." आणि चिठ्ठी लिहून पेनस्टँडखाली ठेवलीस. दीड वाजेपर्यंत. माझ्यापासून बारा फुटांवर.

तुला पूर्ण माहीत नाही की त्या वेळी घरी काय चालू होतं. पपा नऊ वाजता वाडीतून आले तेव्हाच हात जड होता. अकरापर्यंत तोंड वाकडं झालं. मम्मी रिक्षा घेऊन आली, पपा ओट्यावरून उठेनात. पित्त आहे म्हणाले. मम्मीचं ते कधी ऐकत नाहीत. मग म्हणाले, "फेलिशियाला विचार. ती जा म्हणाली तर जातो." मी सायन्सवाली ना घरातली. रिक्षा अर्धा तास थांबली, मग निघून गेली. मी यायचीही गरज नव्हती, ताई. फोनवर फक्त "जा" म्हणायचं होतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी बोटांवर तास मोजले आणि म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं.

तू संत्री घेऊन आलीस तेव्हा मी आत होते. मम्मी तुझ्याबरोबर बाहेर बाकावर बसली, तुझ्या पाठीवरून हात फिरवला असं नंतर कळलं. मी मम्मीशी दोन दिवस बोलले नाही. संत्री नर्सला देऊन टाकली.

तर तो पॅराग्राफ. तो पाठवायच्या आधी मी परवा संध्याकाळी चहाच्या वेळी मोठ्याने वाचला. पपांना ऐकवायचा होता. वाटलं, त्यांना बरं वाटेल की त्यांच्यासाठी कोणीतरी भांडतंय. वाचत वाचत इथपर्यंत आले, "फोनची पेटी कुलूपबंद होती व तिची चावी केवळ विनिता यांच्याकडे होती."

पपांनी कप खाली ठेवला. उजव्या हाताची दोन बोटं वर केली.

"दोन," म्हणाले. मग बराच वेळ शब्द शोधला. "चावी. दोन दिल्या."

रागाने नाही म्हणाले. हिशोब चुकला की केळीत जसं थांबतात तसंच. मम्मी म्हणाली, "हो की. एक तुझ्या पर्सला लावली होतीस ना, लाल दोऱ्यात?"

मी उठून विहिरीवर जाऊन बसले.

आता हे जे लिहिते ते मी पाद्रींनाही सांगितलेलं नाही. कन्फेशनला दोनदा गेले आणि दोन्ही वेळा रागीटपणा सांगून आले.

ती पेटी पपांनी बनवली होती. फणसाचं लाकूड, अठरा खण, आत जुन्या मखमलीचा तुकडा, फोनला ओरखडे नकोत म्हणून. तुम्हाला सगळ्यांना वाटतं सरांनी कुठून तरी आणली. मी सांगितलं नाही, कारण आयडियाच माझी आहे हे मिरवून झाल्यावर वडिलांचं नाव घ्यायला जागा उरली नव्हती. तिसऱ्या महिन्यात मी मीटिंगमध्ये उभी राहिले होते, आठवतं? "सर, मी एक व्हिडिओ बघितला. फोन समोर नसला की माणूस दुप्पट काम करतो. सकाळी सगळ्यांचे फोन पेटीत ठेवू, दीडला जेवताना काढू." सर केवढे खूश. "हिला बघा. तीन महिन्यांत डोकं चालवते. तुम्ही लोक सात सात वर्षं इथे चहा पिताय." सात वर्षं तुझी होती. तू तरी हात वर करून विचारलंस, "कोणाच्या घरी काही झालं तर?" आणि मी, शहाणी, म्हणाले, "लँडलाइन आहे ना, ताई." मग सर म्हणाले, लँडलाइनचे निरोप पण दीडलाच, नाहीतर तोच धंदा होईल. मी टाळी वाजवली. स्टार ऑफ द मंथ झाले. बक्षीस म्हणून चहाचा मग मिळाला. तो मग अजून घरी आहे, पपा त्यात दाढीचा ब्रश ठेवतात.

एक चावी सरांनी तुझ्या गळ्यात घातली. दुसरी पपांनी मला दिली होती, ती मी कोणाला दिलीच नाही. छान वाटायचं, आपल्याकडे पण आहे म्हणून.

एकवीस तारखेला अकरा वीसला पेटी वाजायला लागली. मी मम्मीच्या नंबरला वेगळं व्हायब्रेशन लावलंय. दोन लांब, एक छोटं. लाकडावर ते केवढं वाजतं. मी ओळखलं, ताई. पहिल्याच वेळी ओळखलं. शेजारची एस्थर म्हणाली, "कोणाची तरी पेटलीय वाटतं." आणि मी म्हणाले, "असेल कोणाचा तरी बॉयफ्रेंड. दीडला बघेल." सगळे हसले. तू पण हसलीस, पण माझ्याकडे बघून. तुला माहीत नव्हतं कोणाचा फोन आहे. मला माहीत होतं. सात वेळा वाजला, त्यानंतर मम्मीने लँडलाइनवर फोन केला. चावी माझ्या मांडीवरच्या पर्सला होती.

मी का नाही उठले? टार्गेटला दोन अ‍ॅडमिशन कमी होत्या. आणि माझाच नियम मीच कसा मोडू, सर काचेतून बघत होते. आणि मला वाटलं, मम्मी विचारत असेल, येताना पाव आणशील का. बस, एवढंच कारण आहे. मोठं काही नाही.

तू घाबरलीस म्हणून गप्प बसलीस. मी घाबरले पण नव्हते. मी खुशीत होते.

विहिरीवरून उठले, आत आले आणि तो पॅराग्राफ डिलीट केला. मग दुसरा मेल लिहिला, सर, वसुंधरा आणि पूर्ण ऑफिसला. पेटी माझी, निरोप दीडला द्यायचा नियम सरांचा, तो लागू झाला ती तारीख अमुक, टाळ्या वाजवणारे आपण सगळे. विनिताने नियम पाळला. माझ्याकडे दुसरी चावी होती, मी उघडली नाही. एकही विशेषण नाही घातलं. तुला तो मेल मिळाला असेलच, पण सरांनी उडवला असेल तर हे पत्र जपून ठेव. गरज पडली तर कोणालाही दाखव, खाली सही आहे.

वसुंधराचं उत्तर आलं, "सर इज व्हेरी हर्ट." लेटर येणार नाही. शाळेच्या मॅडमना मी काल जाऊन खरं ते सांगितलं. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कमिटीला विचारते." बघू. नाही झालं तर केळी आहेतच मोजायला.

तुला माफ केलंय असं समजू नकोस. ती चिठ्ठी मला अजून दिसते. तू उठून बारा फूट चालू शकली असतीस. सात वर्षं तिथे राहून तुझे पाय त्या माणसाने खाल्ले, आणि तू ते खाऊ दिलेस, आणि मी तर येताच ताटात वाढून दिले. मला त्याचा राग येतो, तुझा येतो आणि आरशातलीचा सगळ्यात जास्त. तो जाईल की नाही माहीत नाही. पण तो त्या माणसाला वापरायला देणार नाही.

आता पाकीट झटक. लाल दोऱ्यातली चावी पडेल.

पपांना पेटी परत हवीय. नाताळच्या गोठ्यातली मेंढरं आणि राजे ठेवायला, ती दरवर्षी बुटाच्या खोक्यात तुटतात. शनिवारी मी येतेय, साडेअकराला, दीडला नाही. हिलरी अंकलचा टेम्पो खाली उभा असेल. सरांना सांगू नकोस, मी सांगेन. त्याच्या आधी तू उठ, या चावीने ती उघड, आणि ज्याचा त्याचा फोन ज्याच्या त्याच्या हातात दे. तुझाही घे. पिंकीला फोन कर, अकरा वीसला, काही कारण नसताना.

उघडली नाहीस तरी मी पेटी नेणारच आहे, अठरा फोनांसकट.

मम्मीने तुला जेवायला बोलावलंय. मी नाही, मम्मीने.

शनिवारपर्यंत रागातच,
फेलिशिया, सॅन्टन पपांची