अंगणातला बोया

सोमवार, ४
आलो बाबा एकदाचा! नोकरी तर मिळालीच, वर समुद्रासमोर राहायला घर. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. काम सोपं. दूर समुद्रात पिवळा बोया तरंगतो. लाटेबरोबर वरखाली होतो, ते मोजून आकडे इथे माडीवरच्या पडद्यावर पाठवतो. मी तपासून बंदराला कळवायचे, म्हणजे होड्या सोडायच्या की नाही ते त्यांना ठरवता येतं. मला पोहता येत नाही हे कुणी विचारलंच नाही. बुडायचा प्रश्न येतोच कुठे? बायको आणि आमची पाच वर्षांची ठमी रविवारी येतील. ठमीला खेळायला अंगण हवं होतं. मागे आहे, चांगलं फरसबंदी.

बुधवार, ६
बोयाला शिंपले चिकटून तो जड झाला होता, म्हणून बोटवाल्यांनी काढून आणला आणि अंगणात ठोकळ्यांवर ठेवला. दिवसभर खरवडला. ऑफिसातल्या बाईंनी दोनदा बजावलं होतं, की तो पाण्यातच बंद करायचा आणि मगच किनाऱ्याला आणायचा. मी चालूच ठेवला. म्हटलं, यंत्र ठीक आहे का ते घरबसल्या कळेल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई म्हणते. पण आपल्याकडे बैलच नाही.

गुरुवार, ७
पडद्यावर लाटा आहेत. वीतभर. खाली जाऊन बोयाला हात लावून पाहिलं, ढिम्म. जमिनीवरच्या बोयाचे आकडे खोटेच असणार, म्हणून काढून टाकले. काल खरवडलेले शिंपले मात्र आज पुन्हा जागेवर आहेत. ओले. मला हे आवडलेलं नाही.

शनिवार, ९
लाटा कमरेएवढ्या. बोया बंद करायला गेलो. कळ फिरते, दिवा विझत नाही. बाईंना फोन केला. चालूच आणला म्हटल्यावर त्यांनी कधी आणला ते विचारलं. मग म्हणाल्या, "तो चालू असतो तिथे समुद्र असतो. अंगणात कुणाला पाऊल टाकू देऊ नका." बोटवाले सोमवारी नेतील. बायकोला म्हटलं, उद्या येऊ नका. ती म्हणाली, सामान बांधून झालंय, ठमी कालपासून नवी चप्पल घालून बसली आहे. कारण काय सांगणार?

दुपारी खिडकीतून पाहिलं. बोया ठोकळ्यांवरून उचलला जातोय, खाली येतोय. भर उन्हात, कोरड्या फरशीवर.

रविवार, १०
लाटा माझ्या डोक्याच्या वर. बायकोचा फोन लागत नाही —

आल्या. रस्त्याकडच्या दाराने दोघींना आत घेतलं. ठमीला इतकं घट्ट धरलं की ती रडली. मागच्या दाराला कडी घातलीय. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, एकटा राहून डोकं फिरलंय तुझं, जरा पड. पडवत नाही. माडीवर पडद्यासमोर बसलोय. आकडे वाढतायत —

खालून बायको विचारतेय, ठमी वर आली का.

नाही.

म्हणतेय, घर कोंदट होतं म्हणून मागचं दार जरा —

खिडकीतून दिसतेय ठमी. फरशी कोरडी आहे. ऊन आहे. तिचे केस वर तरंगतायत, पाय खाली टेकत ना —